रेती तर जड असते, मग एवढी धूळ येते कुठून?

अडाणकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

परवाची गोष्ट. दुपारभर झाडाचं पान हलत नव्हतं. साडेचारला काडीकचरा वेचून वावरातून घरी येत होतो, तर अडाण नदीच्या पलीकडून एक मातकट भिंत येताना दिसली. आधी वाटलं कोणाच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आग लागली. पण धूर वर जातो, हे तर आडवं येत होतं. बैल कान टवकारून उभे राहिले. पाच मिनिटांत स्वतःचा हात दिसेना. शेजारच्या काकाजींच्या गोठ्यावरची चार टिनं उडाली आणि त्यांच्यावर दाबायला ठेवलेले दगड आमच्या अंगणात येऊन पडले. नशीब की तिथे बाज टाकलेली नव्हती. मग दहा-बारा टपोरे थेंब, थोडी गार हवा, खेळ खलास. घरात पिठाच्या डब्यापासून देवाच्या पाटापर्यंत फुफाटा.

रात्री लहान भावाला फोन केला. तो कुवेतला क्रेन चालवतो. हसायलाच लागला. म्हणे, "दादा, एवढ्यात घाबरला? इकडं दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही." त्यानं व्हिडिओ पाठवला. भर दुपारी बाराला संत्र्याच्या सालीच्या रंगाचं आभाळ आणि गाड्यांचे दिवे लागलेले.

तो व्हिडिओ पाहून माझी आठवीतली लेक म्हणाली, "बाबा, वाळवंटात रेती असते ना? रेती तर जड. ट्रॉलीतून सांडली की तिथंच पडून राहते. मग ही धूळ येते कुठून?"

मला काही सांगता आलं नाही. वाळवंटातली ही वादळं कशी होतात, त्यानं काय काय होतं आणि आपल्या इकडचं वावधन (वादळ) हे त्याच जातीचं का, जाणकारांनी सांगावं. नेटवरचं उचलून डकवू नका, समजेल असं सांगा.

पोट्टा_नंबर_एक

भाऊ, पहिले हे सांगा, टिनं सापडले का नाई? मांगच्या साली आमचं एक टिन तिसऱ्या वावरात भेटलं, तुरीच्या धसकटात रोवून उभं होतं. धूय नंतर पाहू.

अडाणकाठ

तीन सापडली. चौथं फरार आहे.

भूगोलवाली_बाई

अडाणकाठ भाऊ, लेकीला माझी शाबासकी सांगा. वीस वर्षं भूगोल शिकवला, हा प्रश्न मला वर्गात दोनदाच कोणी विचारला असेल.

याचं उत्तर तुमच्या खळ्यात आहे. उपणणी आठवा. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून टोपलं ओतलं की दाणा पायाशी पडतो आणि कुटार (भुसा) वाऱ्यासोबत जातं. रेतीचा कण म्हणजे दाणा. साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचा. जोराचा वारा त्याला उचलतो, पण फार वर नेऊ शकत नाही. तो उडी मारतो, पुढे जाऊन आपटतो, पुन्हा उडतो. वाळवंटातली रेती बहुतेक गुडघ्याच्या खालीच पळत असते. पण प्रत्येक वेळी आपटताना ती जमिनीला ठोकते, आणि त्या ठोक्यानं तिथली बारीक धूळ मोकळी होते. ही धूळ ०.०६ मिलिमीटरहूनही लहान. ती म्हणजे कुटार. एकदा उठली की किलोमीटर-किलोमीटर वर चढते आणि कित्येक दिवस खाली येत नाही.

खरी मजा पुढे आहे. एवढी बारीक धूळ नुसत्या वाऱ्यानं सहजी उठत नाही, कारण तिचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. रेती लागते तिला सोडवायला. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून फिरला, मग वाऱ्याच्या बोगद्यात रेती उडवून हे सगळं त्यानं मोजलं. त्याचं पुस्तक १९४१ साली आलं. अजूनही या विषयात तिथूनच सुरुवात करतात.

म्हणून लेकीचं बरोबर आहे. रेतीच्या टेकड्या या काही धुळीच्या मोठ्या खाणी नाहीत. त्यांच्यातली धूळ वाऱ्यानं केव्हाच उपणून नेली. धूळ मिळते जिथे एकेकाळी पाणी थांबलं आणि मग आटलं तिथे: सुकलेली सरोवरं, पूर ओसरून गेलेले काठ. आफ्रिकेत चाड देशात बोडेले नावाचा खोलगट भाग आहे. जगात सगळ्यांत जास्त धूळ तिथून उडते असं मानतात. हजारो वर्षांपूर्वी तिथे प्रचंड सरोवर होतं. आता तळाला डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची पांढरी भुकटी उरली आहे, आणि तिबेस्ती व एनेदी या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून वारा थेट तिच्यावर येतो.

अडाणकाठ

बाई, वावडीचं उदाहरण दिलं आणि घरातली आजीसुद्धा ऐकायला बसली! पण आमच्या इकडं सुकलेलं सरोवर नाही, रेतीही नाही. मग ती भिंत कशाची?

भूगोलवाली_बाई

ती भिंत ढगानं ढकललेली होती. वैशाखात दुपारी तापून उंच विजेचा ढग तयार होतो. त्यातून पाऊस पडायला लागतो, पण खालची हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच वाळतात. वाळताना ते हवेतली उष्णता घेतात, हवा गार होते, गार हवा जड असते, ती धाडकन खाली कोसळते. ओट्यावर बादली ओतली की पाणी जसं चहूकडे पसरतं, तशी ती जमिनीवर पसरत सुटते. तिच्या तोंडाशी जे मोकळं सापडेल ते उचललं जातं. तुम्हाला शेवटी दहा थेंब आणि गारवा मिळाला ना? ते त्या ढगाचंच.

सुदानमध्ये याच प्रकाराला हबूब म्हणतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरावर ५ जुलै २०११ ला असाच एक हबूब आला होता, सुमारे दीड किलोमीटर उंच आणि दीडशे किलोमीटरच्या वर रुंद. जात तीच, फक्त तुमचा पोरगेला.

जैसलमेर_रिटर्न

बाईंनी सांगितलं तेच डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. सीमा सुरक्षा दलात होतो, त्यातली चार वर्षं जैसलमेरच्या बाजूला. आता घरी, मंगरूळपीरजवळ, सोयाबीन-तूर.

तिकडे साध्या वादळाला आंधी म्हणतात आणि भिंतीसारख्या येणाऱ्याला काली-पीली आंधी. नाव बरोबर आहे. आधी पिवळी दिसते, अंगावर आली की काळी. आम्हाला वायरलेसच्या आधी उंट सांगायचे. वाऱ्याकडे पाठ करून खाली बसायचे, नाकपुड्या मिटायचे. उंट बसला की आम्ही मुंडासं तोंडावर ओढून त्याच्या आडोशाला. एकदा अर्धा तास असा बसलो आणि उठलो तर समोरचा ओळखीचा धोरा, म्हणजे रेतीची टेकडी, मला परकाच वाटला. धोरे सरकतात. सीमेवरचं काटेरी कुंपण काही ठिकाणी त्यांच्याखाली गाडलं जातं, मग ते उपसत बसा. रायफलचा बोल्ट दिवसातून दोनदा साफ करावा लागे. पोळी चावली की करकर. दातांचं कौतुक तिथे गेल्यावर कळतं.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं की आंधी वाढली का, तर ते वाऱ्याबद्दल बोलतच नाहीत. ते फोगबद्दल बोलतात. फोग हे धोऱ्यावरचं झुडूप, मुळं खोलवर जाऊन रेती धरून ठेवणारं. त्याच्या मुळांचा कोळसा चांगला होतो म्हणून लोकांनी ते उपटून उपटून जाळलं. सेवण नावाचं गवत होतं, ते नांगराखाली गेलं. वारा आधीही तेवढाच होता, म्हणतात, खाली धरणारं कोणी उरलं नाही.

जोधपूरला १९५९ पासून काझरी आहे, केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था. त्यांची धोरे बांधण्याची रीत पाहिली मी. काटक्या-झुडपांच्या बुटक्या ओळी वाऱ्याला आडव्या रोवतात, रेती जरा थांबली की मध्ये गवत आणि झाडं. सोपं वाटतं. पण त्या ओळी रोवताना उन्हात काय होतं ते रोवणाऱ्यालाच माहीत.

तिकडचं खेजडी म्हणजे आपली शमी बरं का. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला बिष्णोई लोकांनी या झाडांना मिठ्या मारून जीव दिले, ३६३ माणसं, अमृतादेवी पहिली. आपण शमीला दसऱ्यापुरतं आठवतो.

पोट्टा_नंबर_एक

काकाजी, उंट बसला म्हन्जे तुमी बी बसले. आमच्या इकडं म्हस बसली तर ते उठतच नाई, वादय गेलं तरी.

लहाना_कुवेतवाला

दादानं धागा काढला अन् मला सांगितलं नाही! तो व्हिडिओ माझाच.

इकडची गोष्ट बाईंच्या भिंतीपेक्षा वेगळी आहे. भिंत तासाभरात निघून जाते. आमच्याकडे शमाल येतो. शमाल म्हणजे अरबीत उत्तर. वायव्येचा वारा, इराकमधून तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातून सरळ खाली, जून-जुलैत जास्त. ढग नाही, वीज नाही, थेंब नाही. नुसता वाहत राहतो, कधी दोन-तीन दिवस.

कंपनी क्रेन बंद ठेवायला लावते, वर केबिनमध्ये बसलो तर हुकाचं टोक दिसत नाही. आम्ही खोलीत. एसीच्या फटींना ओला टॉवेल, दाराखाली ओलं पोतं. तरी सकाळी उशीवर डोक्याचा छाप उमटलेला असतो, आजूबाजूला पिवळं आणि मध्ये पांढरं. विमानतळ बंद पडतो. एकदा सुट्टीचं तिकीट होतं आणि आठ तास तिथेच बसलो. आई घरी पुरणाचा घाट घालून बसली होती.

इथे एक इराकी मेकॅनिक आहे, बसऱ्याकडचा. तो म्हणतो ही धूळ आमच्या दलदलीची आहे. तिकडे दक्षिणेला फार मोठे पाणथळ प्रदेश होते, १९९०च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीनं ते मुद्दाम आटवले. वरच्या देशांनी नद्यांवर धरणं बांधली, दुष्काळ पडले, शेतं पडीक झाली. मे २०२२ मध्ये एका वादळानंतर इराकमध्ये ५,००० हून जास्त लोक श्वासाच्या त्रासानं दवाखान्यात गेले. त्या दिवसांत आमचं आभाळही नारिंगीच होतं.

काळीकसदार

इथपर्यंत सगळं वाळवंटाचं झालं. आता जे वाळवंट नव्हतंच त्याचं सांगतो, कारण आपल्याला तेच जास्त लागू आहे.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्ससच्या भागात, गवताची कुरणं होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला. ट्रॅक्टर आले. लाखो एकर गवत उलटं करून गहू पेरला. मग भाव पडले, तर लोकांनी तूट भरायला अजून जमीन नांगरली. (ओळखीचं वाटतंय ना?) आणि १९३०च्या दशकात पाऊस रुसला. गवताची मुळं नाहीत, पीक नाही, माती उघडी. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाला तिकडे काळा रविवार म्हणतात, भर दिवसा रात्र झाली होती. धुळीच्या घर्षणानं हवेत इतकी वीज साठायची की मोटारी बंद पडत, म्हणून लोक गाडीमागे जमिनीला लागेल अशी साखळी बांधत.

ह्यू बेनेट नावाचे मृदातज्ज्ञ तेव्हा जमीन जपण्यासाठी सरकारच्या मागे लागले होते. मध्यातल्या शेतांची धूळ उडत उडत पार वॉशिंग्टनपर्यंत आली आणि खासदारांच्या खिडकीवर बसली. त्याच महिन्यात कायदा झाला, मृदासंधारणाचं स्वतंत्र खातं आलं. समतल नांगरट, पट्टापेर, आणि १९४२ पर्यंत वाऱ्याला आडवी लावलेली सुमारे २२ कोटी झाडं.

परवाची तुमची धूळ थरची नव्हे, अडाणकाठ. ती तुमच्या-माझ्या वावराची. वाशिम-यवतमाळच्या मे महिन्यातल्या वावरात काय असतं? कपाशीची पऱ्हाटी उपटलेली, धुरे जाळलेले, धुऱ्यावरची बाभूळ-निंब भाऊबंदकीत तोडलेले, आणि माती भुकटी करून ठेवलेली.

धुरा_सात

म्हन्जे आता उन्हाळवाही बी बंद करावं काय? बोंडअळीच्या कोशाले ऊन कोन दाखवन, तुमी? खुर्चीवर बसून सांगनं सोपं असते.

काळीकसदार

खुर्चीवर नाही हो, माझंही बारा एकर आहे कारंज्याजवळ. उन्हाळवाही करा. नांगराचं ढेकूळ आणि रोटाव्हेटरचं पीठ यात फरक आहे, एवढंच म्हणणं. आपली काळी माती चिकण, नांगरली की ढेकळं निघतात. ढेकळांच्या आड वारा जमिनीला लागत नाही, आणि कोश उन्हात यायचे ते येतातच. पण एप्रिलातच रोटाव्हेटर दोनदा फिरवून वावर गादीसारखं करून ठेवायची जी हौस आली आहे, तिला शेतकी कारण मला तरी सापडलेलं नाही. शेजाऱ्याचं दिसलं म्हणून आपलं. ते पीठ दीड महिना वाऱ्यावर उघडं. आधी वर्षानुवर्षांचं शेणखत गेलं त्यातून, तेच सगळ्यात हलकं.

आणि धुऱ्यावर झाडांची ओळ असली तर उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो. वीस फुटी निंबांची ओळ दोनशे फूट वावर सांभाळते. सावलीत पिकाच्या चार ओळी मार खातात, मान्य.

धुरा_सात

रोटाव्हेटरचं बरोबर बोलले. भाड्याचे पैसे बी वाचते. झाडाचं नाई पटलं, धुऱ्यावर झाड म्हन्जे पुढच्या पिढीले कोर्टकचेरी.

फरदडीचा_वैरी

कापसाचा विषय निघालाच आहे तर अरल समुद्राचं कोणी सांगितलं नाही अजून.

नाव समुद्र, होतं सरोवर. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या मध्ये, क्षेत्रफळानं जगात चौथं, ६८,००० चौरस किलोमीटरच्या आसपास. सोव्हिएत सरकारनं ठरवलं की वाळवंटात कापूस पिकवायचा. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाला वळवलं. कापूस भरपूर झाला. सरोवर मागे हटत गेलं, पूर्वेकडचा भाग २०१४ साली पूर्ण कोरडा पडला. मुयनाक हे मासेमारीचं बंदर होतं, तिथली जहाजं आज रेतीत उभी आहेत आणि पाणी दूरवर कुठेही नाही.

आता त्या तळाला अरलकुम म्हणतात. नवं वाळवंट, माणसाच्या एका आयुष्यात तयार झालेलं. तिथून उडणारी धूळ साधी नाही, तिच्यात मीठ आहे आणि कापसावर वर्षानुवर्षं फवारलेल्या औषधांचे अंश आहेत. ती दूरच्या शेतांवर बसते, जमीन खारवते, लोकांच्या छातीत जाते. आता त्या तळावर साक्सौल नावाचं वाळवंटी झुडूप लावणं चालू आहे, धूळ धरायला. आधी पाणी काढून घेतलं, आता काटक्या लावतायत.

आपला कापूस बहुतेक कोरडवाहू. आपण कोणाचा समुद्र आटवला नाही, हे समाधान. फवारणी करताना मात्र मला अरल आठवतो. पाठीवरच्या पंपातून जे जातं ते मातीत राहतं, आणि माती कुठे राहते ते आपण परवा पाहिलं.

मूळचा_मूर्तिजापूरचा

मुंबईहून. दोन आठवणी. २३ जानेवारी २०२२, रविवार. सकाळी उठलो तर गाड्यांवर पांढरट भुकटी आणि समोरच्या इमारती गायब. ती धूळ पाकिस्तानकडून, कराचीवरून, अरबी समुद्र ओलांडून आली होती. जानेवारीत! दुसरी १३ मे २०२४ ची, बाईंनी सांगितलेल्या भिंतीसारखी. त्याच वाऱ्यात घाटकोपरचं ते महाकाय होर्डिंग पेट्रोलपंपावर पडून १७ लोक गेले.

पण धूळ म्हणजे नुसतं वाईटच, असं नाही. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते. नासाच्या उपग्रहावरून शास्त्रज्ञांनी मोजलं, वर्षाला सरासरी २.७७ कोटी टन, आणि तिच्यात सुमारे २२,००० टन स्फुरद. तिथल्या पावसानं जेवढं स्फुरद धुऊन जातं जवळपास तेवढंच. म्हणजे बाईंच्या त्या बोडेलेसारख्या मेलेल्या सरोवरांची भुकटी हजारो किलोमीटरवर झाडांना खत होते, फुकट आणि पोत्याशिवाय.

पोट्टा_नंबर_एक

अन् आमी डीएपीच्या लाइनीत चप्पल ठेवून उभे.

आशाताई_दारव्हा

सगळे मोठमोठं बोलून राहिले, मी आपलं गावातलं सांगते. अशा वादळाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तीन प्रकारचे लोक येतात. दम्याचे, डोळे चोळून लाल केलेले, आणि दम्याचे पण स्वतःला दमा आहे हे न मानणारे. शेवटचे जास्त.

दुपट्टा किंवा ओला रुमाल बांधला तर जाड धूळ अडते, बारीक नाही अडत. जी बारीक असते, पीएम २.५ म्हणतात ती, तीच खोल जाते. दम्याच्या माणसानं, गरोदर बाईनं, लहान लेकरानं वादळ गेलं तरी तासभर घरातच राहावं. दम्याचा पंप असेल तर उशाशी ठेवा, कपाटात नको. डोळे चोळू नका, पाण्यानं धुवा. आणि बायांनो, लगेच झाडू हातात घेऊ नका. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्यानं पुसा. वादळात वाचलेली बाई झाडताना खोकून बेजार होते, हे मी दरवर्षी पाहते.

प्रशिक्षणात आम्हाला एकदा सांगितलं होतं की आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या धुळीच्या दिवसांत मेंदुज्वराच्या साथी येतात आणि पाऊस लागला की थांबतात. कोरड्या धुळीनं घशाची आतली त्वचा खरवडली जाते, जंतूला वाट मिळते, असं समजतात. २०१० पासून तिकडे नवी लस द्यायला लागले, तेव्हापासून त्यातला सगळ्यात वाईट प्रकार पुष्कळ आटोक्यात आला.

जैसलमेर_रिटर्न

ताईंनी कामाचं सांगितलं. मीही जोडतो. रस्त्यावर सापडलात तर गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या आणि दिवे बंद करा. हो, बंद. मागचा आंधळा झालेला माणूस तुमचा लाल दिवा पाहून तोच रस्ता समजतो आणि येऊन ठोकतो. मोटारसायकल असेल तर उतरून सखल जागी बसा, झाडाखाली नको, जुन्या भिंतीच्या आडोशाला तर नकोच. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, भरतपूर, अलवर, धोलपूर, आग्रा या पट्ट्यात, शंभरहून जास्त माणसं गेली. धुळीनं नाही गेली. भिंती, झाडं, खांब, छपरं अंगावर पडून गेली.

अडाणकाठ

सगळ्यांचे आभार. इकडची खबर.

लेकीनं काल प्रयोग केला. परातीत चुलीची राख ओली करून थापली, उन्हात वाळवली, समोर टेबलफॅन लावला. काही उडेना. मग स्टुलावर चढून पंख्यासमोर नदीची रेती ओतायला लागली, बाईंच्या वावडीसारखी. रेती राखेवर तडतडली आणि पांढरा लोट थेट स्वयंपाकघरात. प्रयोग यशस्वी. तिच्या आईचं मत वेगळं आहे.

चौथं टिन सापडलं, नाल्यात. ते घेऊन काकाजींकडे गेलो तर ते आधीच तीन टिनांवर तेच दगड परत ठेवत होते. भरतपूर-आग्र्याचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, म्हणाले, "माया बापानं बी गोटेच ठेवले होते." मग लेकीनं त्यांना अंगणातला खड्डा दाखवला, दगड पडला होता तिथला. ते थोडा वेळ पाहत राहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच विचारायला आले की टिनाला बल्लीशी आवळायचे ते वाकडे हूक कुठे मिळतात. इकडं तालुक्याला कोणाकडे आहेत काय?

पोट्टा_नंबर_एक

हार्डवेअरवाल्याले जे-बोल्ट म्हना, वायसरासकट देते. रबराचं वायसर मांगा, नाईतर पावसायात टिपटिप होते. अन् एका टिनाले चार नोका लावू, सहा लावा.